सायकलवाल्याचा हात

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत गाडी शिकण्याची घाई सुरू होते. शिकाऊ परवान्यासाठी मुले रस्त्यावरच्या पाट्या तोंडपाठ करतात. पण पुढच्या सायकलवाल्याने हात काढला तर काय समजायचे, असे आम्ही वर्गात विचारले की उत्तर हमखास येते, "पुढे जा म्हणतोय!"

उजवा हात आडवा ताठ असेल तर तो उजवीकडे वळणार आहे. तळवा जमिनीकडे करून हात वर-खाली हलवत असेल तर वेग कमी करतो आहे. हात पुढे-मागे अर्धवर्तुळात झुलवला, तरच 'पुढे जा' म्हणतो आहे. या शेवटच्या दोन खुणांत गल्लत झाली की अपघात ठरलेला. डाव्या वळणासाठी चालकाने उजवा हात घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरवायचा असतो, कारण मोटारीत चालक उजवीकडे बसतो, त्याचा डावा हात बाहेर दिसणार कसा? सायकलवाला मात्र सरळ डावा हात काढतो. अर्थ एकच.

खरी गोम पुढे आहे. मोटारीचा दिवा वळण पूर्ण होईपर्यंत लुकलुकत राहतो. सायकलवाल्याचा हात तसा राहू शकत नाही. हात बाहेर असताना एकच ब्रेक हाती उरतो, त्यात खड्डा आला तर तोल जातो. म्हणून तो क्षणभर हात दाखवतो, पुन्हा हँडल धरतो आणि मग वळतो. नवशिक्याला वाटते, हात खाली गेला, विचार बदलला. तो वेग वाढवतो, आणि नेमके त्याच वेळी सायकल रस्त्याच्या डाव्या कडेवरून मध्याकडे सरकते. त्या सायकलवर शाळेत निघालेली आपलीच एखादी मुलगी असू शकते.

प्रेषित (स.) यांनी रस्त्याचे हक्क सांगितले, त्यात कुणाला इजा न करणे आहे आणि सलामला उत्तर देणेही आहे. काढलेल्या हाताला आम्ही सलामासारखेच मानतो. त्याचे उत्तर म्हणजे वेग कमी करणे. हॉर्न वाजवणे हे उत्तर नव्हे. दचकून तोल जायचा.

मुलाच्या हाती किल्ली देण्याआधी अब्बांनी एक करावे. त्याला मोकळ्या मैदानात सायकलवर बसवावे, उजवा हात काढून, मागे वळून पाहत दहा-वीस पावले चालवायला लावावी. हँडल कसे डगमगते ते त्याचे त्यालाच कळेल. बहिणीच्या मागे मोटारसायकलवरून हळू जायला लावले तर आणखी चांगले.

दुधाच्या कॅन किंवा गॅसची टाकी लादलेला माणूस तर हात काढूच शकत नाही. त्याची मान पाहावी. उजव्या खांद्यावरून मागे बघितले की तो वळणार आहे असे धरून चालावे, आणि त्याला जाऊ द्यावे.