लाळेतला वारसा

डीएनए जतन करणे म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी स्वतःची संहिता ठेवून जाणे, असे सुशिक्षित घरांतून हल्ली ऐकू येते. 'संहिता', 'वाचन', 'संपादन' हे शब्द आमच्या पेशातले. जीवशास्त्राने ते उसने घेतले याबद्दल आमची तक्रार नाही. त्यांबरोबर त्यांची प्रतिष्ठाही फुकटात नेली, याबद्दल आहे.

गेल्या दिवाळीत आमच्यापैकी एकीच्या घरी परदेशातून आलेल्या भाच्याने आपल्या आजीपुढे लाळ गोळा करायची नळी धरली. आजी ८६ वर्षांच्या. 'तू गेलीस तरी राहशील', हा त्याचा युक्तिवाद. आजींनी एवढेच विचारले, 'आणि ठेवणार कोणाकडे?'

प्रश्न बिनतोड होता. अमेरिकेतील ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती २०२३ साली फोडली गेली. पण नातलग जुळवून देण्याच्या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सुमारे दीड कोटी ग्राहकांचा 'वारसा' विक्रीस निघाला. तो संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने घेतला, हा योगायोग, हमी नव्हे.

त्याहून महत्त्वाचे असे की, ही ठेव एकट्याची नसतेच. आजींचा निम्मा डीएनए त्यांच्या प्रत्येक अपत्यात आहे, भावंडांशीही सरासरी तेवढाच सामाईक. वडिलोपार्जित जमीन विकताना सहहिस्सेदारांची संमती पाहिली जाते. येथे एकाच्या थुंकीने सगळे गोत्र गहाण पडते आणि कोणाला विचारावे लागत नाही! आनुवंशिक आजाराच्या शंकेने डॉक्टरांच्या सल्ल्यावरून केलेली तपासणी वेगळी, तिला आमचा विरोध नाही. आमचा वाद हौसेच्या अमरत्वाशी आहे. शिवाय वंशाची टक्केवारी आपल्याकडे जातिअभिमानाच्या कामी येणार नाही, असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. आपल्या कुलवृत्तांतांत लेकी-सुनांची वासलात एखाद्या ओळीत लागते, लग्नात तर नावही बदलले जाते. उलट मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आईकडूनच येतो. म्हणजे पुरुषांनी पुसलेली रेषा विज्ञान पुन्हा काढते, असे आमच्या काही विद्यार्थिनी म्हणतात. रेषा निघते, हे खरे. पण त्या रेषेवरची बाई कोण, तिला माहेरी काय म्हणत, ती जात्यावर काय गात असे, यातले एक अक्षरही तीनशे कोटी अक्षरांच्या त्या संहितेत नाही. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल सुरक्षित आहेत, मोडी वाचणारे मात्र मोजके. जतन आणि वाचन यांतले हे अंतर मराठीच्या शिक्षकांना तरी नव्याने समजावून सांगावे लागू नये.

नळी रिकामीच परत गेली. जाण्यापूर्वी भाच्याने आजींचे माहेरचे नाव विचारले. त्याला देवनागरी लिहिता येत नसल्याने त्याच्या वहीत ते मावशीने लिहून दिले.