ट्रान्सफर विंडो

वीकएन्डला जव्हारला गेले होते. ‘मिनी महाबळेश्वर’, दाभोसा धबधबा... तुमच्या पिकनिकच्या लिस्टमध्ये असेलच! मोखाड्याच्या रस्त्याला एका पाड्यापाशी चहाला थांबले. समोर पोरं फुटबॉल खेळत होती. एकाच्या अंगात चेल्सीची दहा नंबरची विटकी जर्सी, पाठीवर नाव पुलिसिच.

मग काय, मी सुरूच झाले! हा अमेरिकन मिडफिल्डर 2015मध्ये, सोळाव्या वर्षी जर्मनीत डॉर्टमुंडला गेला. आजोबा क्रोएशियाचे, म्हणून तिथला पासपोर्ट मिळाला. नाहीतर अठरापर्यंत थांबावं लागलं असतं. सोबत वडील होते. जर्मन शिकला. 2019मध्ये चेल्सी, 2023मध्ये मिलान. प्रत्येक वेळी नवा कोच आणि टीममधली जागा पुन्हा पहिल्यापासून कमवायची.

पोरानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, ‘‘ताई, आम्ही पण जातो. दिवाळी झाली का भिवंडीला, वीटभट्टीवर. सगळं घरच.’’

‘‘तिकडे खेळता?’’

‘‘दर वर्षी दुसरी पोरं असतात. ओळख झाली का पाऊस येतो, मग परत घरी.’’

या ट्रान्सफरला करार नाही, फी नाही. असते ती आधी घेतलेली उचल. आणि मधेच सुटलेली शाळा. आपण ऑफिसात डेस्क बदललं तरी आठवडाभर कुरकुरतो.

निघताना विचारलं, ‘‘कुठल्या पोझिशनला खेळतोस रे?’’

‘‘जागा असेल तिथं.’’