न वटलेला धनादेश आणि एकतर्फी निकाल

सिंधुदुर्ग : गोव्यातील सहा लाख रुपयांच्या न वटलेल्या धनादेशाच्या प्रकरणात कनिष्ठ न्यायालय आणि सत्र न्यायालय या दोघांनीही आरोपीला दोषी ठरविले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १६ एप्रिल २००९ रोजी एकतर्फी सुनावणीत हे दोन्ही निकाल फिरवून त्याची निर्दोष मुक्तता केली. हा निर्णय रद्द व्हायला २५ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. न्या. मनमोहन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने आरोपीची शिक्षा कायम केली आणि साडेसात लाख रुपये ५० हजारांच्या १५ मासिक हप्त्यांत भरण्याचा आदेश दिला. धनादेशावरील सही मान्य असेल, तर तो कायदेशीर देण्यापोटीच दिला होता असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर असते. येथे ते खोडले गेले नव्हते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचे मुख्य कारण.

एकतर्फी निकाल दूर करण्याची वाट किती लांबू शकते, हे शेजारच्या राज्यातील या प्रकरणाने दाखवून दिले. मासळी, आंबा आणि पर्यटन या तिन्ही व्यवसायांत पुढील तारखेचे धनादेश सर्रास दिले-घेतले जाणाऱ्या मालवण किनाऱ्यासाठी हा विषय दूरचा नाही.

फौजदारी वेगळे, दिवाणी वेगळे

एका धनादेशावरून दोन स्वतंत्र कारवाया होऊ शकतात आणि लोकांचा गोंधळ येथेच होतो. पहिली परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खालील फौजदारी तक्रार. हे कलम १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले. धनादेश परत आल्याचे बँकेने कळविल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार, असा तिचा क्रम आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. येथे आरोपी गैरहजर राहिला म्हणून सहसा एकतर्फी शिक्षा होत नाही, वॉरंट निघते. तक्रारदारच गैरहजर राहिला, तर मात्र आरोपी सुटू शकतो.

दुसरी कारवाई म्हणजे पैसे वसुलीचा दिवाणी दावा. 'एकतर्फी हुकूमनामा' हा शब्द खऱ्या अर्थाने येथे लागू होतो. समन्स बजावूनही प्रतिवादी हजर झाला नाही, तर न्यायालय वादीचा पुरावा घेऊन निकाल देते. धनादेशावर आधारित दावा बहुधा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा म्हणून दाखल होतो. तेथे समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावे लागते. बचावाची परवानगीही वेगळी मागावी लागते.

बंद घराच्या दारावरचे समन्स

कोकणातील खरी अडचण समन्स बजावणीची आहे. माणूस नोकरीसाठी मुंबईत आणि घर गावात. चाकरमान्यांची अनेक घरे गणेशोत्सव आणि मे महिना सोडला तर बंद असतात. बेलिफाने दाराला समन्स चिकटवून अहवाल दिला की कागदोपत्री बजावणी पूर्ण होते. संहितेला मात्र समन्स प्रतिवादी जेथे सामान्यतः राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे चिकटविणे अपेक्षित आहे. केवळ वडिलोपार्जित घर आहे म्हणून तेथील बजावणी योग्य ठरतेच असे नाही. दरखास्तीची नोटीस किंवा जप्तीचा हुकूम हाती पडेपर्यंत निकाल लागल्याचेच माहीत नसते, अशी वेळ येते ती यामुळे.

अशा वेळी सर्वसाधारण दाव्यात आदेश ९, नियम १३ खाली अर्ज करता येतो. त्यासाठी दोन कारणे चालतात : समन्स योग्य रीतीने बजावले गेले नव्हते, किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते. मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस. समन्सच बजावले नसेल तर निकाल कळल्यापासून ३० दिवस. उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्यावरील दिरंगाईचे कारण सांगावे लागते.

येथे दोन खबरदाऱ्या महत्त्वाच्या आहेत. बजावणीत तांत्रिक त्रुटी असली, तरी प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर होण्यास पुरेसा वेळ होता असे दिसल्यास हुकूमनामा रद्द होत नाही. तसेच नुसता अर्ज केल्याने वसुली थांबत नाही. स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते. न्यायालय खर्च भरण्याची किंवा रक्कम जमा करण्याची अटही घालू शकते.

संक्षिप्त दाव्यातील कसोटी याहून कडक आहे. आदेश ३७, नियम ४ नुसार 'विशेष परिस्थिती' दाखवावी लागते. गैरहजेरीचे कारण देऊन भागत नाही, तर दाव्यात बचाव करण्याजोगे काही आहे हेही दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले आहे. 'समन्स मिळाले नाही' एवढ्या एका वाक्यावर विसंबणारा अर्ज म्हणूनच टिकत नाही.

धनकोचीही बाजू

या चर्चेत धनकोला विसरून चालणार नाही. ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात प्रलंबित असलेल्या सुमारे २.३१ कोटी फौजदारी प्रकरणांपैकी ३५ लाखांहून अधिक धनादेशाची होती आणि आरोपीपर्यंत समन्स न पोहोचणे हे विलंबाचे एक ठळक कारण होते. पत्ता बदलून किंवा टपाल नाकारून वेळ काढणाऱ्याला संरक्षण देणे हा एकतर्फी निकाल रद्द करण्याच्या तरतुदीचा हेतू नाही. कलम १३८ ची नोटीस मिळालीच नाही असे म्हणणाऱ्या आरोपीला समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरण्याची संधी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले. ती न घेणाऱ्याला नंतर नोटिशीची तक्रार करता येत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या निकालाने हीच दिशा पुढे नेली. धनादेशाच्या फौजदारी प्रकरणांत तक्रारदारालाही समन्स बजावता येईल. ई-मेल, व्हॉट्सॲपचाही वापर होईल. बजावणीचे प्रतिज्ञापत्र खोटे आढळल्यास तक्रारदारावर कारवाई होईल. आरोपीला सुरुवातीलाच ऑनलाइन रक्कम भरता यावी, अशी सोय करण्याचेही निर्देश आहेत. बचावाचा पुरावा नोंदविण्यापूर्वी तडजोड केल्यास जादा खर्च नाही. त्यानंतर निकालापूर्वी पाच टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात दहा टक्के जादा भरावे लागतील. उशिराने शहाणे होण्याची किंमत अशी ठरली आहे.

सिंधुदुर्गाच्या दृष्टीने आणखी एक बदल महत्त्वाचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून हा जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. उच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी मुंबई गाठण्याचा खर्च त्यामुळे वाचेल. परंतु ३० दिवसांची मुदत आधी मालवण, कुडाळ किंवा सावंतवाडीच्या न्यायालयातच मोजली जाते. गावातील बंद घरी आलेल्या कागदाची खबर मुंबईतील माणसाला वेळेत मिळते की नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते. व्यवहार करताना सध्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लेखी देणे आणि कोरा सही केलेला धनादेश कोणालाही न देणे, हे दोन साधे नियम पाळले गेले, तर यातील अनेक वाद न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाणारच नाहीत.