बारा दिवस

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की शिकागोत दरवर्षी एक प्रकार सुरू व्हायचा. बाहेर उणे दहा, रस्त्याच्या कडेला काळे पडलेले बर्फाचे ढीग, आणि आमच्या हापिसाच्या पँट्रीत चार-पाच मंडळी कॉफीचे कप हातात धरून तावातावाने भांडताहेत. विषय काय, तर यंदा कब्जकडून पहिला बॅटिंगला कोण येणार. पहिली खरी मॅच दीड महिना लांब! नुसती 'पिचर आणि कॅचर ॲरिझोनात दाखल' एवढी बातमी आली की यांच्या अंगात यायचं. मी ऑनसाइटवर पाच वर्षं तिथे काढली. पहिल्या वर्षी लांबून हसलो, दुसऱ्या वर्षी जवळ जाऊन ऐकलं, तिसऱ्या वर्षी मीच भांडत होतो. पुण्यात परत येऊन आता बरीच वर्षं झाली, पण हा रोग काही गेला नाही.

ज्यांना बेसबॉलचं वावडं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीगमध्ये ३० टीम्स. त्यातल्या १५ फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲरिझोनात जातात, १५ फ्लोरिडात. महिनाभर सराव मॅचेस, ज्यांचा निकाल कुठेच धरत नाहीत. यालाच स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. कॅम्पमध्ये साठ-साठ पोरं येतात, मार्च संपताना त्यातली २६ उरतात (२०१९ पर्यंत २५). बाकीची मायनर लीगमध्ये, म्हणजे छोट्या गावांतून बसने फिरत खेळायला. तर ती २६ कोण, आणि त्यातल्या नऊ जणांची बॅटिंग ऑर्डर काय, या दोन प्रश्नांवर अख्खा मार्च निघतो.

निवड समिती आपल्याकडेही प्रत्येक कट्ट्यावर बसलेली असते म्हणा. पण आपली समिती बोलणार ती अमक्याच्या फॉर्मवर, नाहीतर तमक्याच्या वशिल्यावर. तिकडचा फॅन करारातली कलमं पाठ करून येतो. अमक्याचे 'ऑप्शन' संपलेत, त्याला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या टीम्सपुढे ठेवावं लागेल आणि कुणीतरी उचलून नेईल. तमक्याचे ऑप्शन शिल्लक आहेत, म्हणजे तो चांगला खेळला तरी खाली जाणार तोच. मग चाळीस जणांच्या यादीत जागा आहे का, कुणाला काढावं लागेल.. मला सॉफ्टवेअरवाल्याला हे ऐकून काय गुदगुल्या झाल्या असतील! हा खेळ नव्हताच, हा 'इफ-एल्स'चा डोंगर होता.

बॅटिंग ऑर्डरचं भांडण तसं निरुपद्रवी. एका वीकेंडला बसून मी एक छोटा सिम्युलेटर लिहिला. नऊ जणांचे आकडे घालायचे, क्रम बदलायचा आणि हजारो सीझन खेळवायचे. जरा बरे लावलेले कुठलेही दोन क्रम घेतले तरी १६२ मॅचेसमध्ये मिळून दहा-पंधरा रन्सच्या वर फरक येईना. सोमवारी मी हे पँट्रीत जाहीर केलं. दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही :)

आणि स्प्रिंग ट्रेनिंगचे आकडे तर त्याहून फसवे. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत बॉल लांब जातो. समोरचा नावाजलेला पिचर नवीन बॉल शिकत असतो, मार खाल्ला तरी त्याला फिकीर नसते. सातव्या इनिंगला तर पाठीवर नव्वदच्या घरातला नंबर लावलेला कुणी विशीतला पोरगा टाकायला येतो. टेस्ट सर्व्हरवर चाललं म्हणून गावभर पेढे वाटू नयेत, हे आमच्या धंद्यात कुणालाही सांगावं लागत नाही.

असो. नमनालाच घडाभर तेल गेलं. मला सांगायचंय ते २०१५ च्या मार्चबद्दल.

त्या वर्षी कब्जच्या कॅम्पात क्रिस ब्रायंट नावाचा २३ वर्षांचा थर्ड बेसमन होता. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरावर उचललेला, आदल्या वर्षी मायनर लीगमध्ये ४३ होमरन मारून आलेला. कब्जने शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकलेली १९०८ साली, त्यामुळे लोक किती उपाशी होते ते सांगायला नको. त्या मार्चमध्ये या पोराने १४ मॅचेसमध्ये ४० वेळा बॅटिंग करून १७ हिट्स काढल्या, त्यात ९ होमरन. इतके होमरन त्या स्प्रिंगला दुसऱ्या कुणीच मारले नव्हते. आकडे फसवे असतात हे मी आत्ताच म्हटलं, पण फसवे फसवे म्हणून किती म्हणाल! त्याच महिन्यात फीनिक्सजवळच्या एका क्लायंटकडे माझी फेरी होती, म्हणून एक दुपार मेसाच्या स्लोन पार्कात गेलो. आउटफिल्डच्या मागच्या हिरवळीवर चादर टाकून बसलो आणि मॅचआधीचा त्याचा सराव पाहिला. बॉल आमच्या डोक्यावरून मागे जात होते. शेजारची लहान मुलं तेवढ्या वेळात आईसक्रीम विसरली होती.

आणि ३० मार्चला टीमने त्याला खाली आयोवात पाठवलं. अधिकृत कारण असं की तिसऱ्या बेसवरची फिल्डिंग अजून सुधारायला हवी.

खरं कारण कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. नियम असा: मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्षाची नोकरी धरतात. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, हव्या त्या टीमबरोबर हवा तो भाव करायला. २०१५ चा सीझन १८३ दिवसांचा होता. पहिल्या दिवसापासून घेतला असता तर ब्रायंट २०२० नंतर मोकळा होणार. बारा दिवस उशिरा आणला तर १७१ दिवस, म्हणजे वर्षाला एक दिवस कमी, म्हणजे तो २०२१ नंतर मोकळा. बारा दिवसांत मॅचेस किती? आठ. आठ मॅचेस द्या, एक अख्खं वर्ष घ्या.

१७ एप्रिलला त्याला वर आणलं. फिल्डिंग बहुधा अठरा दिवसांत सुधारली असावी.

आता माझा पराक्रम ऐका. पँट्रीत जोरजोरात भांडून या निर्णयाची बाजू मांडणारा मी होतो. मी एक्सेलची फाइल केली होती. एका रकान्यात आठ मॅचेसचं नुकसान, म्हणजे फार तर अर्धी मॅच जास्त हरू, आणि दुसऱ्यात तिशीला टेकलेल्या भरातल्या ब्रायंटचं एक पूर्ण वर्ष. हिशोब चोख होता, आजही तो चोखच आहे. 'मनीबॉल' २००३ साली आलं, तेव्हापासून आमच्यासारख्या आकडेबहाद्दर फॅन्सना आपण स्टँडमध्ये नाही तर जनरल मॅनेजरच्या खुर्चीत बसलोय असंच वाटत आलंय. मी तर 'आपल्याला एक वर्ष मिळतंय' असंच म्हणायचो. आपल्याला!

माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये एक साठीला आलेला गृहस्थ बसायचा. आम्ही देशी लोक आपसात त्याला 'काका' म्हणायचो. जन्मापासून कब्जचा फॅन, बापही कब्जचा फॅन, आजोबाही. त्याने माझी फाइल नीट पाहिली, एक सूत्रही दुरुस्त करून दिलं. मग विचारलं, "हे वाचलेले पैसे तुझ्या तिकिटातून कमी करणार आहेत का?" मी म्हटलं, तसं नाही, पण टीमचा फायदा.. तो म्हणाला, "मी एप्रिलमध्ये थंडीत कुडकुडत रिग्लीला जातो. मला तिथे सगळ्यात चांगला पोरगा खेळताना पाहायचाय. मालकाचा हिशोब मालक करतो, त्याला मी लागत नाही." मला ते तेव्हा भाबडं वाटलं. जुनी माणसं, असं मनात म्हणून मी फाइल बंद केली.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, भारतात परत यायचं ठरवलं आणि पुण्यात एक नोकरी धरली. कंपनीचं नाव काही सांगत नाही, अशा पन्नास आहेत. सप्टेंबरच्या मध्यावर मी जॉइन व्हायला तयार होतो. पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन चालू आहे, दोन दिवसांत कळवतो, असं करत करत शनिवार-रविवार आला, सोमवारी गांधी जयंती, आणि मी जॉइन झालो ३ ऑक्टोबरला. आयटीवाल्यांना पुढचं सांगायला नकोच. पुढच्या एप्रिलच्या पगारवाढीसाठी कट-ऑफ ३० सप्टेंबर. माझी वाढ एकदम त्याच्या पुढच्या एप्रिलला, म्हणजे दीड वर्षाने. काही महिन्यांनी एचआरमधल्या एकाने चहा पिता पिता सहज सांगून टाकलं की तुझी फाइल तर पंधरा तारखेलाच क्लिअर झालेली होती.

नियम कुणी मोडला नव्हता. माझ्याशी कुणी उद्धटही बोललं नाही. पैशांचं दुःख दोन-चार महिन्यांत गेलं. राहिलं ते 'व्हेरिफिकेशन चालू आहे' हे वाक्य, कारण ते ऐकून मी पंधरा दिवस गावभर जुन्या कंपन्यांना फोन करत फिरलो होतो, माझ्याच कागदात काही कमी असेल म्हणून. ब्रायंटलाही कुणीतरी असंच तोंडावर सांगितलं असणार, की तुझी फिल्डिंग जरा कमी पडतेय. आणि आठ हजार मैलांवरून आलेला एक सॉफ्टवेअर इंजिनिअर पँट्रीत मान डोलावून म्हणत होता, हो हो, फिल्डिंगचं बघायला पाहिजेच.

माझं म्हणणं एवढंच आहे. टीमने नियमाचा फायदा घेतला यात मला फारसं नवल नाही, घेणारच. पण फॅन लोकांनी मार्च महिन्यात फुकटात मालकाची वकिली का करावी? 'अमका कुणापेक्षा चांगला खेळतो' हा आपला प्रश्न. त्यावर जीव तोडून भांडा, चूक ठरा, परत भांडा. 'अमक्याला किती दिवस दाबून ठेवलं तर स्वस्त पडेल' हा प्रश्न आपला नाही, आणि तो आपण आपला करून घेतला की समोरची खोटी कारणंही आपल्याला खरी वाटायला लागतात.

आता तुम्ही म्हणाल, त्याचं नुकसान तरी काय झालं? पहिल्या मॅचमध्ये भोपळा आणि तीन स्ट्राइकआउट, पण वर्षअखेर रूकी ऑफ द इयर. २०१६ मध्ये नॅशनल लीगचा एमव्हीपी आणि कब्जची १०८ वर्षांनंतरची वर्ल्ड सिरीज. बरोबर आहे. उलट माझ्या बाजूला न बसणारी एक गोष्ट मीच सांगतो. २०२० चा करोनातला छोटा सीझन ब्रायंटला अतिशय वाईट गेला, आणि तो तेव्हा मोकळा झाला असता तर कदाचित त्याचंच नुकसान झालं असतं. मोकळा झाला तो २०२१ नंतर, आणि मार्च २०२२ मध्ये कोलोरॅडोने त्याला सात वर्षांचे १८ कोटी २० लाख डॉलर दिले. पण कब्जच्या हातात काय पडलं ते बघा. ज्या वर्षासाठी एवढा आटापिटा केला, त्या २०२१ च्या ३० जुलैला त्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. माझ्या एक्सेलमधला तो 'भरातला ब्रायंट'वाला रकाना निम्म्याहून जास्त कब्जच्या टोपीत, उरलेला दुसऱ्याच टोपीत. ब्रायंटने युनियनतर्फे तक्रार केली होती, तिचा निकाल २०२० च्या सुरुवातीला लागला. टीमच्या बाजूने. दिवस मोजले तर १७१च भरत होते, लवाद तरी काय करणार.

हे सगळं उघड गुपित होतं, ते फेब्रुवारी २०२१ मध्ये एकाने स्वतःच्या तोंडाने फोडलं. सिएटल मरिनर्सचे प्रेसिडेंट केव्हिन मॅथर एका रोटरी क्लबच्या ऑनलाइन कार्यक्रमात मोकळेपणी बोलून गेले, की जॅरेड केलेनिकला आम्ही लांब मुदतीचा करार देऊ केला होता, त्याने नाही म्हटलं, आणि त्याला लगेच वर आणायचा आमचा विचार नाही. व्हिडिओ बाहेर आला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे असं करण्याबद्दल नोकरी जात नाही, बोलण्याबद्दल जाते! (केलेनिक मे महिन्यात वर आला तेव्हा त्याला सुरुवातीला बॉल दिसेना. म्हणजे फॅन्सचा अंदाज चुकलाच होता. पण ते फॅन्सचं चुकणं होतं, त्यात खोटं काही नव्हतं.)

मार्च २०२२ च्या नव्या करारात यावर थोडी मलमपट्टी झाली. रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनांत येणाऱ्याला दिवस कितीही भरोत, पूर्ण वर्ष धरतात. २०२४ मध्ये पिट्सबर्गने पॉल स्कीन्सला मे उजाडल्यावर वर आणलं, तो त्या वर्षीचा रूकी ठरला आणि त्याचं वर्ष पूर्ण धरलं गेलं. शिवाय चांगल्या पोराला पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि त्याने मोठं बक्षीस मिळवलं तर टीमला ड्राफ्टमध्ये एक जादा नंबर मिळू शकतो. सिएटललाच तो हुलिओ रॉड्रिगेझमुळे मिळाला, केलेनिकच्या भानगडीनंतर दुसऱ्याच वर्षी. पण हा इलाज पहिल्या दोन-तीन नंबरांत येणाऱ्यांसाठी. बरा खेळणारा, चौथा-पाचवा येणारा पोरगा अजूनही दिवस मोजतच बसतो, आणि त्याच्यासाठी पँट्रीत भांडायला कुणी नसतं.

काका रिटायर झाला. दर मार्चला मेसात पंधरा दिवस मुक्काम ठोकतो आणि तिथून मला फोन करतो, त्याच्या सकाळी, माझ्या रात्री. अमका पोरगा कसा वाटतो, तो २६ मध्ये यायला हवा की नको. मी आकडे काढून बसतो, तो डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो, आणि तासभर आमचं जुंपतं. गेल्या खेपेला मी बोलता बोलता म्हणून गेलो, "पण तसा त्याचा एक ऑप्शन अजून शिल्लक आहे..."

पलीकडून नुसता हिरवळीवरचा गलका ऐकू येत राहिला. मग काका म्हणाला, "फाइल अजून ठेवली आहेस वाटतं."