डाग दिसेपर्यंत केवडा बसलेला असतो

२०१९ सालचा परतीचा पाऊस नाशिकचा द्राक्षबागाईतदार विसरलेला नाही. ऑक्टोबर संपला तरी पाऊस हटेना. छाटलेल्या बागा नुकत्या फुटलेल्या, काही फुलोऱ्यात. त्यावर केवडा, म्हणजे आपली डाऊनी, तुटून पडली. कोवळे घड तांबूस पडून वेलीवरच सुकले. त्या नोव्हेंबरात राज्यपालांनी फळबागांना हेक्टरी १८,००० रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे एकरी ७,२०० रुपये. एवढ्यात किती फवारण्या भागतात, हे बागाईतदाराला सांगायला नको.

फळपीक विमा आहे, पण तो हवामानावर चालतो. भरपाई ठरते ती मंडळाच्या हवामान केंद्रावरच्या नोंदीवरून. तुमच्या पानावर रोग किती, हे तिथे कोणी मोजत नाही. तेव्हा रोग वेळेत ओळखणे हाच खरा विमा.

आणि गफलत होते ती इथेच. पान पांढरे दिसले की दुकानात जायचे आणि देतील ते औषध आणायचे! भुरी राखेसारखी असते, बोट फिरवले की पुसते. केवड्यात पानाच्या वरच्या अंगाला तेल सांडल्यासारखा पिवळट डाग पडतो आणि त्याच्याच पाठीमागे पांढरी, कापसासारखी लव येते. म्हणून पान उलटून बघा. भुरीवर चालणारे गंधक केवड्याला लागू पडत नाही. पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे दिवस जातात.

केवड्याचे बीज पाण्याच्या थेंबातून पोहत पानाच्या छिद्रात शिरते. पान रात्रभर ओले राहिले की लागण झालीच म्हणा. डाग मात्र साधारण आठवड्याने दिसतो. मॅन्कोझेब किंवा ताम्रयुक्त औषध पानाच्या बाहेरच राखण करते, आत शिरलेल्या रोगाला ते पोचत नाही. म्हणून ही फवारणी पावसाच्या अगोदर हवी आणि पानाच्या पाठीमागेही बसली पाहिजे. आंतरप्रवाही औषधे महाग आहेत. ती जपून, गट बदलून वापरा. एकच गट लागोपाठ मारला तर रोग त्याला सरावतो, मग प्रमाण वाढवूनही उपयोग होत नाही. निर्यातीच्या बागेत काढणीपूर्व अवधी पाहिल्याशिवाय डब्याचे झाकण उघडू नये.

फेलफुटी वेळेवर काढाव्यात. दाट मांडवात दहा वाजले तरी दव हटत नाही, तिथे औषध तरी कुठवर पोचणार?

लवकर छाटणीचा मोह मी समजू शकतो, आगाप मालाला भाव असतो. बागलाणात तर सारा हिशेब त्यावरच. पण सगळी बाग एकाच आठवड्यात छाटली, तर फुलोराही एकाच पावसात सापडतो. ज्याला जमेल त्याने दोन-तीन टप्प्यांत छाटावे. मजुरांची ओढाताण होते, तरीही.