शाळेसाठी कोणता लघुलहरी रेडिओ?

विज्ञान मंडळाला लघुलहरींचा एकच रेडिओसंच घेता येणार असेल, तर तो काट्याचा घ्यावा की आकडे दाखवणारा? पुष्कळ शिक्षकांचा जीव काट्याच्या संचात गुंतलेला असतो. माझे मत आकड्यांच्या बाजूने आहे. बीबीसीची हिंदी लघुलहरी सेवा जानेवारी २०२० अखेर बंद झाली; नुसत्या बातम्यांसाठी हा रेडिओ घेण्याचे दिवस गेले. शाळेने तो घ्यायचा तो निरीक्षणासाठी.

३१ मीटरचा पट्टा पाहा. ९,४०० ते ९,९०० किलोहर्ट्झ, दर ५ किलोहर्ट्झला एक जागा, म्हणजे सुमारे शंभर जागा झाल्या. साध्या संचाच्या तबकडीवर हे सारे बोटभर अंतरात कोंबलेले असते. मग वहीत लिहिणार काय? ‘३१ च्या जरा उजवीकडे’? अशी नोंद दुसऱ्या दिवशी आपल्यालाच उपयोगी पडत नाही.

चीनमधील ‘बीपीएम’ केंद्राचे कालसंकेत ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर प्रसारित होतात. सकाळी, दुपारी व रात्री ठरावीक वेळी त्या तीन ठिकाणी काय ऐकू येते, ते महिनाभर लिहा. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर कमी कंप्रतेच्या लहरी अधिक शोषतो आणि सूर्यास्तानंतर तो विरतो. हे पुस्तकी वाक्य तुमच्या तक्त्यात दिसते का, ते तपासता येईल. त्यासाठी रोज नेमक्या त्याच कंप्रतेवर जाता आले पाहिजे.

आकड्यांचा संच लांबचे ऐकतो, हा समज मात्र खोटा. खिडकीबाहेर पाच-सहा मीटर तार सोडा, जवळचे एलईडी दिवे आणि चार्जर बंद करा. फरक त्याने पडतो. (विजा चमकत असताना तार बाहेर ठेवू नका.)

शिवाय बाहेर काटा आहे म्हणून आत जुनीच रचना असेल, असेही आता नाही. खुंटी अगदी सावकाश फिरवा. केंद्र टप्प्याटप्प्याने, उडी मारल्यासारखे आले, तर आत बहुधा अंकीय चिपच आहे!

रेडिओ उघडून शिकायला माळ्यावरचा, सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर उत्तम. गँगची पाती एकमेकांत शिरली की धारिता वाढते, कंप्रता उतरते. हे समजायला नवा संच नको.

घेताना एसएसबीची सोय पाहा. ४० मीटरच्या पट्ट्यातील हौशी रेडिओचालकांचे बोलणे तिच्याविना बदकांच्या कलकलाटासारखे ऐकू येते.