न दिलेला निकाल

न्यायालयाने वादाच्या मुळाशी न जाता दावा फेटाळला म्हणजे ते तटस्थ राहिले, असा भाबडा समज आपल्या सुशिक्षित वर्गात दृढ आहे. हा समज तपासावयाचा असेल त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च १८३१ रोजी 'चेरोकी राष्ट्र विरुद्ध जॉर्जिया राज्य' या प्रकरणात केलेली करामत पाहावी.

वादाचे मूळ आर्थिक होते. चेरोकींच्या भूमीवर कापूस पिकविणाऱ्या गोऱ्यांचा डोळा होताच. १८२९ च्या सुमारास तेथे सोने सापडल्याचा बोभाटा झाला आणि हाव अनावर झाली. जॉर्जियाने चेरोकींचे कायदे रद्दबातल ठरविले, गोऱ्यांविरुद्ध साक्ष देण्याचा त्यांचा हक्क हिरावला. स्वतःची लिपी, वृत्तपत्र आणि १८२७ ची लिखित घटना असलेल्या या समाजाने शस्त्र उचलले नाही. अमेरिकेने केलेले तह पुढे ठेवून मनाई हुकूम मागितला. जॉर्जियाने न्यायालयात हजर राहण्याचीही तसदी घेतली नाही.

सरन्यायाधीश मार्शल यांनी सहानुभूती व्यक्त केली आणि दार लावून घेतले. चेरोकी हे 'परकीय राष्ट्र' नसून 'अंतर्गत परावलंबी राष्ट्र' आहेत. सबब त्यांचा दावा या न्यायालयात थेट चालू शकत नाही! तह करताना राष्ट्र आणि दाद मागताना पाल्य, असा हा न्याय.

घटनेच्या शब्दांनी न्यायमूर्तींचे हात बांधले होते, असे कोणी म्हणेल. मग त्याच शब्दांवरून न्यायमूर्ती थॉम्प्सन आणि स्टोरी यांनी चेरोकी हे परकीय राष्ट्रच होय, असा निष्कर्ष कसा काढला? वाट होती, बहुमताने ती टाळली.

पुढल्याच वर्षी, वूस्टर खटल्यात, जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीवर चालत नाहीत, असे याच न्यायालयाने सांगितले खरे. परंतु त्याच १८३२ साली जॉर्जिया ती जमीन सोडत काढून गोऱ्यांना वाटीत होते. १८३५ मध्ये मूठभरांच्या सह्यांवर तह उरकण्यात आला. १८३८-३९ च्या सक्तीच्या स्थलांतरात सुमारे १६,००० चेरोकींपैकी अंदाजे ४,००० मृत्युमुखी पडले.

बळवंताला निकाल नको असतो, अवधी हवा असतो. तो त्याला तांत्रिक मुद्दा मिळवून देतो. म्हणून कार्यकर्त्यांनी अर्ज अवश्य करावेत, परंतु दावा 'अधिकारक्षेत्राबाहेर' ठरतो तेव्हा एकच प्रश्न विचारावा : दरम्यान जमीन कोणाच्या ताब्यात आहे? त्याचे उत्तर हाच निकाल असतो, आणि तो फिरविण्याचे सामर्थ्य संघटनेतूनच उभे करावे लागते.